शैलाची विलायत

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गुणाजी परबाची शैला विलायतेला कधीच गेली नव्हती. पण ती तिथे कशी राहिली, काय जेवली, कुठल्या वळणावर बर्फात आपटली, हे कणकवलीखालच्या आंबेखोल गावात शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होतं. पत्ता नव्हता तो फक्त शैलाला. तिला तो एका रविवारी सकाळी लागला, तोही पाहुण्यापुढे चहा ठेवता ठेवता.

गुणाजी बावीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत होता. साच्यांच्या खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, पण गुणाजीची गोष्ट शेवटच्या साच्यापर्यंत पोचायची. खात्यात सकाळी उंदीर दिसला तर पाळी सुटेपर्यंत गुणाजीच्या तोंडी त्याचा बिबट्या झालेला असे आणि तो मॅनेजरच्या खुर्चीत बसून पान खात असे. ऐकणारे म्हणत, गुणाजी, थाप मारतोस. गुणाजी म्हणे, मग तुम्ही दात का काढताय?

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. थोडे दिवस धरून राहा, असं प्रत्येक सभेत सांगत. गुणाजीने धरलं. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांचं वर्ष झालं. आंबेखोलची चौदा माणसं एका खोलीत राहायची आणि राधाबाईच्या, म्हणजे गुणाजीच्या बायकोच्या खानावळीत जेवायची. ती एकेक करून ट्रंका बांधून गावी निघून गेली. गावचं म्हणून मुंबईत उरलं ते गुणाजीचं एक बिऱ्हाड. राधाबाईच्या पंगतीला आता नायगावचे चार हवालदार यायचे.

शैला तेव्हा माटुंग्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगला होती. चाळीतले मुके झालेले ट्रान्झिस्टर उघडून तिने बोलते केले होते, त्यातूनच हे वेड लागलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजात एक यादी लागली. मँचेस्टरच्या एका विद्यापीठात एक वर्ष शिकायचं, परत येऊन इथली पदवी पुरी करायची. जाण्यायेण्याचा, राहण्याचा भार तिकडचे उचलणार. जागा एक. यादीत पहिलं नाव शैला परब, दुसरं गिरगावातल्या माधव वैद्यचं. ज्या गावाचं साच्याच्या पितळी पट्टीवर कोरलेलं नाव गुणाजीने बावीस वर्षं फडक्याने पुसलं, त्या गावाला पोरगी निघाली म्हणून चाळीने तिला गॅलरीत उभं करून ओवाळलं.

पण आंबेखोलच्या माणसाचं काहीही मोठं रवळनाथाला विचारल्याशिवाय होत नाही. लग्न असो, विहीर असो, नोकरी असो, गावच्या देवळात कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर जा, डावीकडची पडली तर राहा. माधवने ऐकून कपाळाला हात लावला. शैला त्याला म्हणाली, "उजवी किंवा डावी. एक किंवा शून्य. आपली यंत्रं तरी दुसरं काय बोलतात रे?" तिचा देवावर किती विश्वास होता ते देव जाणे, पण बापावर होता. कौल काय पडेल तो मान्य, असा शब्द तिने दिला. घरी बसून असलेला गुणाजी एस.टी.ने गावी गेला.

पाचव्या दिवशी परत आला. चप्पल काढली, तांब्याभर पाणी प्याला, आणि भिंतीकडे बघून म्हणाला, कौल डावा पडला.

शैला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन तिने नाव मागे घेतलं आणि माधव गेला. माधव बिचारा सरळ मनाचा. दर महिन्याला पत्र लिहायचा. इथल्या प्रयोगशाळेत खोलीएवढी यंत्रं आहेत, घरमालकीण म्हातारी आहे, बर्फावरून घसरलो. एकदा लिहिलं, खोलीत इतकी थंडी असते की मी प्रयोगशाळेतच बसून राहतो, जुन्या ऑसिलोस्कोप यंत्राची पाठ मस्त तापते, तिच्यावर हात शेकतो आणि पुढच्या काचेवर नाचणाऱ्या हिरव्या रेघेकडे बघतो, तेव्हा घरची चूल आठवते. ही पत्रं शैला घरात मोठ्याने वाचून दाखवायची. गुणाजी पुढे सरकून बसायचा. मग गो, पुढे काय झालं? परत वाच ते, शेकण्याचं. शैलाला वाटायचं, बापाला माझ्याइतकंच लागलंय. त्या एका गोष्टीवर तिने ते वर्ष ढकललं. माधव परत येऊन पदवी घेऊन गेला आणि तिकडेच नोकरीला चिकटला. शैला पदवी घेऊन माझगावात जहाजांचे वायरलेस दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागली. गुणाजी प्रभादेवीला एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन झाला. गणपतीला दरवर्षी तो एकटाच गावी जायचा. राधाबाईची खानावळ, शैलाची नोकरी, तुम्ही कशाला दगदग करता, असं म्हणायचा.

शहाऐंशीच्या मार्चात गावचा धोंडू गुरव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परळच्या इस्पितळात दाखल झाला. गुणाजी रोज त्याला डबा द्यायचा. पण त्याला घरी काही आणेना. घराला रंग काढलाय, असं त्याने गुरवाला सांगितलं होतं. घराला रंग लागून अकरा वर्षं झाली होती. रविवारी इस्पितळाने गुरवाला सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच सोडलं. गुरवाच्या खिशात गुणाजीच्या पत्राचा जुना लिफाफा होता, त्यावर पत्ता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तो विचारत विचारत चाळीत आला. गुणाजी बाजारात गेला होता.

राधाबाईने पाट दिला, शैलाने चहा आणला. गुरवाने उघड्या डोळ्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सुकलंस गो चेडवा. इलायतेचा पाणी मानवला नाय तुका."

शैलाला वाटलं, म्हातारा गुंगीच्या औषधात आहे. ती हसली. मग गुरव मांडी घालून सुरूच झाला. गावात कोणी आजारी पडलं की आम्ही त्याला तुझ्या गोष्टी सांगतो, म्हणाला. चाळीस वर्षं मुका पडलेला रेडिओ तुझ्या मास्तराने तुझ्यापुढे ठेवला, तू त्याला नखाने टिचकी मारलीस आणि त्यातून आंबेखोलच्या दशावतारातला मृदंग वाजायला लागला, ती गोष्ट. बर्फाचा गोळा घेऊन तू त्यात आमसुलं कुस्करलीस, सोलकढी केलीस आणि घरमालकीण म्हातारी ती पिऊन काठी टाकून जिना चढली, ती गोष्ट. राधाबाई पदराआड हसत होती. शैलालाही हसू येत होतं, हे कबूल करायला हवं. बाबांची थाप ती ओळखत होती. गुरव भाबडा, बाबांनी कधीतरी त्याची मजा केली असणार.

मग गुरवाने आवाज खाली आणला.

"पण माका आवडता ती एक. थंडी पडली काय तू त्या हिरव्या रेघेच्या यंत्रार हात शेकीत बसायचंस. आणि तुका आवशीची चूल आठवायची. ता आयकताना माज्या डोळ्याक पाणी येता बघ."

शैलाचं हसू जागच्या जागी थिजलं. बाकी सगळं थाप होती. हे मात्र खरं होतं, आणि दुसऱ्याचं होतं. ते तिने स्वतःच्या तोंडाने, याच खोलीत, दोनदा वाचून दाखवलं होतं.

"गुरवकाका," ती म्हणाली, "माझा कौल कुठला पडला होता?"

"उजवो. असो लख्ख उजवो कौल मी चाळीस वर्सात बघूक नाय. गाऱ्हाणा पुरा होवच्या आधी पाकळी सुटली."

राधाबाईच्या हातातली पळी परातीत पडली. त्याच वेळी गुणाजी दारात आला, हातात मांदेलीची पिशवी. गुरवाला पाटावर बघून त्याचा एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर, असा तो उभा राहिला.

शैलाने बापाकडे बघितलं नाही. ती गुरवाला शांतपणे म्हणाली, मी विलायतेला गेलेच नाही. मला कौल डावा पडल्याचं सांगितलं होतं. मी तीन वर्षं इथेच आहे.

गुरवाने खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"बरोब्बर! ह्याच सांगतलंस, असा बापूस म्हणालेलो तुजो. थंयच्या सरकारान यंत्रांची गुपितां फोडूची नाय म्हणान शपथ घातली हा तुका. कोणी इचारल्यान तर 'मी गेलंयच नाय' म्हणतली. शाब्बास गो. बायलमाणसान गुपित राखूचा तर असा."

गुणाजीने गोष्टीला असं कुंपण घातलं होतं की शैला जितकी खरं बोलेल तितकी थाप पक्की व्हावी. चाळीस साच्यांच्या आवाजावर गोष्ट पोचवणारा माणूस तो. त्याच्या लेकीचा आवाज पाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्यापर्यंत पोचला नाही.

मांदेली तळली गेली. राधाबाईने गुणाजीच्या ताटात वाढलं नाही, त्याने आपलं आपण घेतलं. गुरव पोटभर जेवला आणि भिंतीकडे तोंड करून घोरायला लागला. गुणाजी गॅलरीत जाऊन उभा राहिला. शैला मागोमाग गेली.

आधी त्याने हे सांगितलं, ते सांगितलं. गुरव आता बहिरा होत चाललाय, कौल तसा मधोमधच होता. शेवटी तो कठड्याला धरून खाली वाकला.

"देवळातसून निघालंय तेव्हा आनंदच होतो गो. पेढेसुद्धा घेतलंय. यष्टीत बसलंय आणि... सगळे सांगत होते, धरून रवा. दीड वर्स धरून रवलंय. गिरणी गेली, गाववाले गेले. म्हटला, आता ह्या चेडू पण सोडूचा?"

"मला विचारलं असतंत तर मी राहिले असते, बाबा."

"ठावक होता."

"मग?"

"मी इचारलंय असता तर अडवणारो मी झालो असतंय. देवान अडवला तर कोणाचो दोष नाय."

देवाला मध्ये घालून बापाने तिचा राग तीन वर्षं देवाकडे वळवला होता, आणि ती वेडी खरंच देवावर रागावून बसली होती. रवळनाथाचं नाव निघालं की उठून जायची. वर्ष गेलं ते गेलं. पण ते गेलं, हे तरी लोकांना कळायला नको? गावात तिचं दुःख कोणाला ठाऊकच नव्हतं. तिथे ती मिरवून आलेली होती.

तिने एकच गोष्ट मागितली. चारची गाडी आहे. गुरवकाका बसायच्या आधी तुमच्या तोंडाने त्यांना खरं सांगा. माझ्या तोंडचं त्यांना पटणार नाही, तुमच्या तोंडचं पटेल. बाकी मला काही नको. गुणाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगेन म्हटलं.

तिघं परळच्या एस.टी. डेपोवर गेली. वाटेत गुणाजी एक अक्षर बोलला नाही, आणि गुणाजी गप्प म्हणजे काहीतरी खरं येतंय, असं शैलाला वाटलं. गाडी लागली. गुरवाला खिडकीशी जागा मिळाली. शैला बापाच्या शेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सांगा."

गुणाजीने घसा खाकरला. गुरवाने डोळ्यावरची पट्टी सावरत कान पुढे केला. मागच्या बाकावरचे दोघे-तिघेही कणकवलीकडचेच निघाले, ते वाकून बघायला लागले. चार माणसं ऐकायला बसलेली. गुणाजीने त्यांच्याकडे बघितलं, आणि गिरणी बंद पडल्यापासून शैलाने जी पाहिली नव्हती ती जुनी चमक त्याच्या डोळ्यांत आली.

"धोंडू," तो म्हणाला, "एक सांगूचा रवला. पुढच्या पावसात परत बोलावल्यानी हा तिका. ह्या खेपेक मास्तरीण म्हणान."

मागच्या बाकावरून कोणीतरी वाहवा म्हटलं. गुरवाने दोन्ही हात जोडून शैलाला नमस्कार केला. गाडी सुटली.

गुणाजी गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिला. मग शैलाकडे वळून, आता रागावू नकोस, पुढच्या गणपतीला जाईन तेव्हा नक्की, असं काहीतरी म्हणाला. शैला रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. कारखान्यातली नलू नायगावला आपल्या मावशीच्या खोलीत राहत होती आणि तिथे आणखी एकीची जागा होती, हे शैला महिनाभर ऐकत होती.

"शैला," गुणाजीने हाक मारली, "घर इकडे गो."

"माहीत आहे," शैला म्हणाली आणि नायगावच्या दिशेने चालू लागली.