पहिली खूण

शामलाला दवाखान्यात नेलं ते रक्त तपासायचं म्हणून. गोळ्यांची रक्तातली पातळी अधूनमधून बघावी लागते हे तिला सवयीचं होतं, आणि धाकटी बहीण प्रेमिला सोबत येते म्हटल्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. धरमपेठेतलं आपलं फॉल-पिकोचं दुकान मदतनीस काजलच्या हवाली करून ती प्रेमिलाच्या स्कूटीवर मागे बसली. वाटेत दोघींनी तर्री-पोहे खाल्ले, पैसे कोणी द्यायचे यावरून भांडल्यासुद्धा. मग वर्धा रोडवरच्या त्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी विचारपूस केली, दुसऱ्यांनी केली, प्रेमिलाने सही केली, आणि वॉर्डाचं दार बाहेरून बंद झालं.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. नागपुरात त्या दिवसांत चांगली साडी नेसवणारीला जो मान असतो तो एरवी जावयालाही मिळत नाही. लोखंडी स्टँडवर नऊवारी चढवायची, निऱ्या अशा पाडायच्या की देवी आता दोन पावलं चालेल असं वाटावं; शामलाच्या हाताला ते जमे, म्हणून घरोघरची बोलावणी तिलाच येत. झोप कमी झाली होती हे खरं. पण त्या दिवसांत कोणती बाई पोटभर झोपते? प्रेमिलाही जागीच होती, डबे घासत, अनारसे तळत. फरक एवढाच, की प्रेमिला जागी राहिली तर तिला कामसू म्हणतात आणि शामला जागी राहिली की तिचा आजार उठला म्हणतात.

आजार होता, नाही कशाला म्हणा. लग्नानंतर दोन वर्षांनी तो पहिल्यांदा आला आणि नवऱ्याने, मधुकररावांनी, तिला खाप्याला माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. पुढे औषधं लागू पडली, तिने दुकान टाकलं. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी नवा कायदा आला तेव्हा बाह्यरुग्ण विभागातल्या समुपदेशक बाईंनी तिला समजावलं, की आता तुझ्या वतीने कोणी बोलायचं ते तूच ठरवायचं, साध्या कागदावर लिहून द्यायचं. त्या माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. नाव लांबलचक, अर्थ साधा: माझं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हा माझं म्हणणं सांगणारं माणूस. शामलाने क्षणभरही विचार न करता प्रेमिलाचं नाव घातलं.

आणि नुसतं नाव घालून ती थांबली नाही. खाप्याला कन्हानच्या काठी बसून तिने बहिणीला सगळ्या खुणा सांगितल्या. पहिली खूण झोपेची. मग बोलण्याचा वेग. मग घरातल्या वस्तू वाटत सुटणं. आयुष्यात कुणालाच न सांगितलेली गोष्टही सांगितली, की फार वर्षांपूर्वी एका वाईट दुपारी ती माहेरच्या विहिरीत पाय सोडून बसली होती आणि मग आपणहून उठून आली होती. शेवटी म्हणाली होती, "तेव्हा मी म्हणीन का मी बरी हाये. माह्यं ऐकू नको प्रेमा." आपल्या घराची किल्ली शेजारणीकडे द्यावी तशी तिने ती किल्ली दिली होती.

त्या दिवशी डॉक्टरांपुढे शामला म्हणाली, मी बरी आहे, कामामुळे जागरण झालं. तेव्हा प्रेमिला रडायला लागली. खरंच रडली, खोटे अश्रू नव्हते.

"डॉक्टर, तिनंच मले सांगून ठेवलं हाये, मी बरी हाये म्हणीन तेव्हा ऐकू नको म्हून. परवा विहिरीत पाय सोडून बसली होती."

विहीर खरी होती, पाय खरे होते, परवा तेवढं खोटं होतं. ते ऐकून शामला ओरडली. ती इतकी ओरडली की दोन नर्स धावत आल्या, आणि मग तिच्या बरं असण्यावर कोणी विश्वास ठेवायचा प्रश्नच उरला नाही. जिवाला धोका असेल तर मर्जीविरुद्धही काही काळ ठेवता येतं, असं कायदा म्हणतो. धोका प्रेमिलाने पुरवला होता.

इंजेक्शनाची गुंगी उतरल्यावर शामलाने एक गोष्ट पक्की केली, आता आवाज चढवायचा नाही. इथे रागाला राग म्हणत नाहीत, लक्षण म्हणतात. तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे, आणि ती नर्सला गोड बोलून चहा मागे. वॉर्डाच्या भिंतीवर रुग्णांच्या हक्कांची पाटी होती, पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या कॅलेंडरने अर्धी झाकलेली. तिने कॅलेंडर बाजूला सारून ती वाचली. फोन करता येतो, मर्जीविरुद्ध ठेवलं तर पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, वकील फुकट मिळतो. तिने फोन मागितला आणि काजलला केला. मंडळाकडे अर्ज गेला.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. दुसऱ्या दिवशी प्रेमिला डबा घेऊन आली. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांची भाजी. कसं कसं झालं ते सांगत तिने मोबाईलवर फोटो दाखवला. शामलाची नजर आधी निऱ्यांवर गेली. निऱ्या फुगल्या होत्या, पदर खांद्यावरून घसरत होता. मग तिला देवीशेजारच्या सोफ्यावर बसलेले अनोळखी लोक दिसले, आणि त्यांच्यापुढे ट्रे घेऊन उभी असलेली प्रेमिलाची मुलगी वैभवी, पैठणी नेसलेली, मान खाली घातलेली.

कोण आहेत, असं शामलाने विचारलं. अमरावतीचे, मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणाली प्रेमिला. जमलंच जवळजवळ. मावशी कुठे आहे विचारलं त्यांनी, तर रामटेकला गेलीय असं सांगितलं.

शामलाला सगळं कळलं. तरी तिने आवाज खालीच ठेवला.

"याच्यासाठी मले कोंडलं वं?"

"पाहुण्यायनं खोदून विचारलं असतं ताई. तुह्या गोळ्या, तुह्या नवऱ्यानं टाकणं. पोरीचं नशीब हाये. आन इथं तुलेही आराम होऊन राहिला."

"तू मले म्हटलं असतं, त्या दिवशी येऊ नको, तं मी आली नसती. मी खरंच रामटेकले गेली असती."

प्रेमिलाने डब्याची कडी दोनदा उघडली-लावली. मग म्हणाली, "तसं तुह्या तोंडावर म्हणायची मले लाज वाटली."

शामलाने डबा उघडला नाही. तो तिने शेजारच्या खाटेवरच्या इंदूबाईंना दिला.

मंडळाच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. शामला हात टेबलाखाली धरून बसली, कारण गोळ्यांनी हात कापतात आणि कापणारे हात बघून लोकांना वाटायचं ते वाटतं. तिने ना लग्नाची गोष्ट काढली ना पाहुण्यांची. वैभवीचं नाव तिला त्या खोलीत नको होतं. ती एवढंच म्हणाली, की मी कोणत्या विहिरीत पाय सोडून बसले होते ते माझ्या बहिणीला विचारा.

प्रेमिला खाप्याची म्हणाली. बाईंनी घराचा पत्ता विचारला, विहीर अजून आहे का तेही विचारलं, तेव्हा प्रेमिलाला खरं सांगावंच लागलं. ते घर बाबांनी कधीच विकलं होतं आणि नव्या मालकाने विहीर बुजवून तिच्यावर गाडी लावायची शेड बांधली होती. प्रेमिलाने पदर डोळ्यांना लावला. मंडळाने शामलाला त्याच दिवशी घरी पाठवायला सांगितलं.

शामलाने प्रेमिलाचं नाव काढून टाकलं. कोणाचंच नको, असं तिला म्हणायचं होतं. पण दवाखान्यातल्या समाजसेविकेने सांगितलं, की नाव दिलं नाही तर कायदा नातेवाइकाकडे जातो, आणि शामलाला दुसरं जवळचं कोण होतं? म्हणून तिने काजलचं नाव दिलं. काजल ऑटो घेऊन न्यायला आली होती. तिने मोठ्या अभिमानाने सही केली.

दोघी पुन्हा दुकानात बसू लागल्या. घरी आल्यापासून शामलाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. काम फारसं नव्हतं, सण सरला होता, जागं राहायला काही कारण नव्हतं, आणि याचा अर्थ काय होतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

एका दुपारी काजल मशीन थांबवून म्हणाली, "ताई, सही तं केली मी. पण मले सांगून ठेवा ना. काय दिसलं का मी समजायचं?"

पोरीच्या चेहऱ्यावर काळजी होती, दुसरं काही नव्हतं. प्रेमिलाच्या चेहऱ्यावरही कन्हानच्या काठी तेवढीच होती. शामलाने तोंड उघडलं. पहिली खूण अगदी जिभेवर आली होती.

"काही नाही वं," ती म्हणाली. "मले झोप चांगली लागते." आणि तिने पुढची साडी मशीनखाली ओढली.