अकराच्या ठोक्याला नेट जायचं

नेकनूरच्या पुढं, डांबरी रस्त्याला लागूनच आश्रुबा अण्णांचं ज्युनियर कॉलेज आहे. तिथला कंप्युटर कक्ष सत्यभामा सांभाळते. पद प्रयोगशाळा सहायकाचं, पण प्रिंटरात अडकलेल्या कागदापासून प्राचार्यांच्या मोबाइलच्या पासवर्डपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. माहेर धनगराचं. वडील धुळाजी अजून मेंढरं घेऊन रानात जातात आणि पोरगी काय करते असं कुणी विचारलं की सांगतात, "कंप्युटर राखती."

यंदा कॉलेजला पहिल्यांदाच एका ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळालं. अट एकच होती. बाहेरचं नेट आणि कॉलेजचे कंप्युटर यांच्या मधे फायरवॉल पाहिजे, म्हणजे येणारं-जाणारं सगळं जिथं थांबवून तपासता येईल असं यंत्र. बाजारातल्या तयार यंत्राचं नाव काढल्याबरोबर अण्णांनी कानाला हात लावले. मग सत्यभामानं अडगळीतला एक जुना कंप्युटर पुसून काढला, त्यात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवलं आणि ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट घेता येते अशी फायरवॉल त्यात टाकली. तीन दिवस ती त्या डब्यापुढून हलली नाही.

चौथ्या दिवशी अण्णा उद्घाटनाला आले. फेटा, गळ्यात हार, हातात नारळ.

"भिंत कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हीच, अण्णा."

अण्णांनी डब्याभोवती एक चक्कर मारली. "ही? बरं. लहान हाय, पन आपली हाय." नारळ फोडून त्यांनी पाणी शिंपडायला हात उचलला, तेवढ्यात सत्यभामा मधे आडवी झाली म्हणून डबा वाचला. पाणी प्राचार्यांच्या सदऱ्यावर गेलं.

इथवर सगळं ठीक होतं. सोमवारी अकराच्या ठोक्याला कॉलेजचं नेट गेलं. पाऊण तासानं आपोआप आलं. मंगळवारी पुन्हा अकरालाच गेलं. बुधवारी शिपायानं वायर काढून लावली, डब्याला दोन चापट्या मारल्या, प्राचार्यांनी उदबत्ती लावायला सांगितली. पावणेबाराला नेट आलं, आणि शिपाई दिवसभर छाती काढून फिरला.

"फुकटात आणलंय ना ते," प्राचार्य म्हणाले. "दुसरं काय होणार?"

सत्यभामाला ते लागलं. परीक्षा पुढच्या गुरुवारी, तीही बरोबर अकराला. या गुरुवारी सकाळी ती साडेदहालाच वही घेऊन पडद्यासमोर बसली.

ही फायरवॉल दर सेकंदाला बाहेरच्या लायनीला हाक मारते, "आहेस का?" आणि "ओ" यायला किती वेळ लागला ते मांडून ठेवते. साडेदहाला ओ झटक्यात येत होती. दहा एकोणसाठलाही झटक्यात. अकरा वाजून एक मिनिटानं ओ रेंगाळायला लागली, आणि तिसऱ्या मिनिटाला शंभरातल्या तीस हाकांना उत्तरच येईना. म्हणजे लाइन मेलेली नव्हती, गुदमरली होती. सत्यभामानं लायनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून ओके हाय. तुमचंच कायतरी हाय." हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणतो, पण या वेळी ते खरं निघालं. वापराच्या आलेखावर आत येणारी रेघ जमिनीलगत झोपलेली होती आणि बाहेर जाणारी रेघ वर छताला टेकून सरळ उभी होती.

"आपण एवढं बाहेर काय धाडतोय?" ती स्वतःशीच पुटपुटली.

कुठलं यंत्र किती वापरतंय त्याची यादी तिनं उघडली. पहिल्या नंबरावर कुणी 'कॅम' नावाचं यंत्र होतं. आता कॉलेजचे कॅमेरे प्राचार्यांच्या केबिनमधल्या पेटीला जोडलेले, नेटचा आणि त्यांचा संबंध नव्हता. मग हा कॅमेरा कुणाचा?

शुक्रवारी अकराला तिनं ग्रंथालयाच्या फळीवरच्या, जिथून नेटच्या वायरी फुटतात तिथल्या, जोडण्या एकेक करून काढून बघितल्या. एक वायर काढली, तर 'कॅम' आहेच. दुसरी काढली, तरी आहेच. तिसरी, काळी, काढली आणि 'कॅम' यादीतून गेला. तिनं वायर परत लावली आणि तिच्या मागं मागं निघाली. वायर खिडकीच्या गजातून बाहेर, लिंबाच्या फांदीवरून, कुंपणाच्या भिंतीवरून थेट पलीकडं आश्रुबा अण्णांच्या गोठ्यात गेलेली.

गोठ्यात अण्णांची गाभण म्हैस उभी होती. दिवस भरत आलेले. गेल्या साली या भागातून जनावरं चोरीला गेली होती, म्हणून अण्णांच्या पुतण्यानं, पप्पूनं, गेल्या रविवारी खांबावर कॅमेरा बसवला होता आणि त्याला नेट पाहिजे म्हणून कॉलेजची वायर ओढली होती. म्हशीला घासता घासता अण्णांची आई, ऐंशी वर्षांच्या बायनाबाई, कॅमेऱ्याकडं बघून ठणठणीत आवाजात बोलत होत्या.

"...आन सोमेश्वरच्या पोरीची सोयरीक जमली. पोरगं बरं हाय, पन नाक लई मोठं. कडू, ऐकतीस ना गं? कापूस वेचायला बायाच मिळंनात. आता म्हशीची कास बघा, कास!"

सत्यभामाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पप्पूला विचारलं तर कळलं, त्यानं कॅमेऱ्याची जोडणी भावकीच्या ग्रुपवर टाकली होती. पुण्यातली लेक कडूबाई, संभाजीनगरचे नातू, लातूरच्या सुना, असे चाळीसेक जण रोज अकराला म्हैस बघायला आणि बायनाबाईंच्या बातम्या ऐकायला बसायचे. कॅमेरा प्रत्येकाला वेगळं चित्र धाडायचा. एकच म्हैस चाळीस वेळा कॉलेजच्या बारक्या लायनीतून बाहेर पडत होती.

कारण सापडलं, पण सांगायचं कसं? संस्था अण्णांची, म्हैस अण्णांची, आई अण्णांची. शनिवारी सकाळी ती त्यांच्याकडं गेली, तर अण्णा आधीच तापलेले.

"कोन करतंय ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्यो बंकट. फिजिक्सचा. त्याच्या भावानं ग्रामपंचायतीला आपल्या इरोधात फारम भरलता. आता माझं केंद्र घालवायलाय."

"अण्णा, जरा बाजूला येता का? मला—"

"बाजूला कावून? आपल्याला लपवायचं काय हाय? अकराला समद्यांला बोलवा. चोर चौघांत धरू."

"अण्णा, आधी ऐकून तर—"

"चौघांत!"

अकराला सगळा स्टाफ कंप्युटर कक्षात जमला. पडदा मोठ्या प्रोजेक्टरवर लावला होता. बंकट सर मागच्या रांगेत बसून पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. अण्णांची नजर त्यांच्यावरच होती. सत्यभामाला त्यांची दया आली, आणि त्या दयेनंच तिला जरा धीर दिला.

अकरा वाजले. बाहेर जाणारी रेघ छताला टेकली.

"हे एकाच यंत्राचं काम आहे," ती म्हणाली. "त्याला मी आता अडवते. रेघ खाली आली, तर तेच यंत्र."

तिनं नियम लिहिला, लागू केला. सगळे पडद्याकडं बघत राहिले. रेघ हलली नाही.

अर्धं मिनिट गेलं. रेघ तशीच. प्राचार्य खाकरले. "फुकटचं," ते एवढंच म्हणाले. अण्णांनी बंकट सरांकडं मान वळवली. "काय बे, तूच घोळ घातला का न्हाई?"

सत्यभामानं नियम पुन्हा वाचून बघितला. नियम बरोबर होता. मग? आणि एकदम तिला आठवलं. नियम फक्त नव्यानं येणाऱ्याला अडवतो. आधीच आत येऊन बसलेल्याला उठवावं लागतं, म्हणजे चालू असलेल्या जोडण्या वेगळ्या तोडाव्या लागतात. तिनं 'कॅम'च्या सगळ्या चालू जोडण्या निवडल्या आणि तोडल्या.

रेघ धाडकन जमिनीवर आली. ओ झटक्यात यायला लागली. कुणीतरी टाळी वाजवली.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. पुण्याहून बहीण कडूबाई. अण्णांना स्पीकरशिवाय फोन ऐकू येत नाही.

"दादा!" कडूबाई हुंदका देत होती. "आई बोलता बोलता गेली रे!"

सगळा स्टाफ उभा राहिला. प्राचार्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कव्हा?" अण्णांनी विचारलं.

"आत्ता रे! समद्यांच्या डोळ्यादेखत! नाकाचं सांगत होती, आन गेली!"

अण्णा मटकन खुर्चीत बसले. सत्यभामा धावली, त्यांच्या हातातून फोन घेतला.

"कडूताई, कुठून गेल्या आजी?"

"कुठून म्हंजी? मोबाइलमधून! म्हैसबी गेली संगट!"

सत्यभामानं खिडकी उघडली. भिंतीपलीकडं बायनाबाई, अजून कॅमेऱ्याकडं तोंड करून, लांब नाकाच्या जावयाविषयी तावातावानं सांगत होत्या. अण्णा उठून खिडकीपाशी आले. आईकडं बघितलं, मग म्हशीकडं, मग खांबावरच्या कॅमेऱ्याकडं, मग लिंबावरून आलेल्या काळ्या वायरीकडं. वायरीच्या मागं मागं त्यांची नजर कॉलेजात परत आली आणि पडद्यावरच्या झोपलेल्या रेघेवर थांबली.

"बाजूला यायचं म्हनत होतीस, ते ह्याच्यासाठी?" त्यांनी हळूच विचारलं.

"होय, अण्णा."

"जरा जोरानं म्हनायचं ना, बाई." मग ते बंकट सरांकडं वळले, दोन-तीनदा घसा साफ केला. "सर, च्या पेऊ." अण्णांच्या माफीचा तोच प्रकार.

पण खरी वाटाघाट पुढंच होती. कॅमेरा बंद झाल्याचं कळल्यावर बायनाबाई शेणाच्या हातानंच कंप्युटर कक्षात आल्या.

"तू धुळाजीची लेक ना? जनावर राखनाराच्या घरची हाईस. माझी म्हैस कावून बंद केलीस?"

"आजी, पोरांची परीक्षा हाय. समदी वाट तुमची म्हैस अडवती."

"मग तिला कडंकडंनं जाऊ दे. हटक, पन हाकलून देऊ नको."

सत्यभामाला मनापासून हसू आलं. फायरवॉलमध्ये नेमकं तेवढंच करता येत होतं. कॅमेऱ्याला तिनं एक अरुंद वाट आखून दिली, कॉलेजच्या वेळेत कितीही जण बघायला बसले तरी त्याहून जास्त मिळणार नाही अशी. बातम्या संध्याकाळी पाचला ठरल्या. परीक्षेच्या दिवशी सुट्टी. बायनाबाईंनी तेही कबूल केलं, पण त्या दिवसाच्या बातम्या शुक्रवारी दुप्पट सांगीन, या अटीवर.

गुरुवारी परीक्षा पार पडली. सगळे पेपर वेळेत गेले. परीक्षेचं निरीक्षण करायला आलेल्या साहेबांनी फायरवॉल कुठल्या कंपनीची असं विचारलं, तर अण्णांनी सत्यभामाकडं बोट दाखवलं.

शनिवारी दुपारी बंकट सर तिच्या टेबलाशी आले. हातात दोन कप चहा. बराच वेळ पंख्याबद्दल, उन्हाबद्दल बोलत राहिले. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "मॅडम, त्या यादीत... पहिल्या नंबरावर म्हैस होती. दुसऱ्या नंबरावर कोण होतं?"

सत्यभामानं चहाचा घोट घेतला. "आत काय चाललंय ते नाही दिसत, सर. कुठं गेलं होतं, तेवढं दिसतं."

"तास चालू असताना... म्हणजे कुणी मॅच वगैरे..."

"मी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

बंकट सरांनी चहा एका घोटात संपवला आणि ते निघून गेले. सोमवारपासून स्टाफमधले सगळे तिला वाकून नमस्कार घालायला लागले. प्राचार्य तर अंमळ जास्तच.