सावलीच्या तोंडाशी बांधलेला दोर

मी दोर बोलतोय. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावात टेनिसचे मैदान आहे. तिथल्या पश्चिमेच्या प्रेक्षागाराच्या तोंडाशी, दोन खांबांच्या मध्ये, मी अडकवलेला आहे. वरून हिरवी मखमल, आत सुताचा पीळ आणि दोन्ही टोकांना पितळी हूक. माणसाला थांबवणे, एवढ्यासाठीच मला घडवले गेले.

थांबवणे वाईट नव्हे. टेनिसची रीतच अशी, की चेंडू खेळात असताना कोणी जागेवर जायचे नाही. खेळाडू बाजू बदलताना खुर्चीवर विसावल्या, की मला काढायचे. त्या उठल्या, की पुन्हा अडकवायचे. दरवर्षी ऑगस्टमधल्या एका आठवड्यात बायकांची स्पर्धा असे. लोक कामाची पाळी बदलून येत आणि माझ्यापाशी रांगेत कुजबुजत उभे राहत. त्या थांबण्यात आदर होता, म्हणून मला माझे काम प्रिय होते.

मला सांभाळणाऱ्या बाईंचे नाव वर्ना हॅस्केट. गावातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये त्या रविवारी मुलांना बायबल शिकवीत. खोटे बोलणे त्यांना वर्ज्य होते. गुडघा दुखत असताना कोणी ‘कशा आहात?’ विचारले, तर ‘बरी आहे’ असे शिष्टाचारापुरतेही त्या म्हणत नसत.

पुढे गर्दी ओसरली. बायकांच्या खेळात आता दम राहिला नाही, असे लोक म्हणू लागले. मी खेळाच्या इतक्या जवळ होतो, की खेळाडूंचे श्वास मला ऐकू येत. दम होता. पण दरवर्षी भिंतीवर एका जगप्रसिद्ध खेळाडूचे चित्र लागे आणि स्पर्धेच्या तोंडावर तिचे मनगट दुखे आणि ती येत नसे. तिच्या जागी कोण आली, कुठली, कशी खेळते, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नसे. शनिवारची गार संध्याकाळ निवृत्त पुरुषांच्या गमतीच्या सामन्यासाठी राखलेली असे. उपान्त्य फेरीच्या मुली भर दुपारी खेळत. ज्या खेळाची भरवणाराच कदर करत नाही, त्याची पाहणारा का करील?

मग एका वर्षी गावात बोलवा उठली, की दूरच्या एका श्रीमंत शहराला ही स्पर्धा विकत हवी आहे. गावातला कारखाना आधीच गेला होता, शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली होती. उरली होती ती ही स्पर्धा. बुधवारी सकाळी तिचे संचालक ड्वाइट ॲमरमन यांनी वर्नाबाईंना माझ्यापाशी बोलावले.

“कॅमेरा पश्चिमेच्या छपरावर आहे. त्याला फक्त पूर्वेचं प्रेक्षागार दिसतं. सगळ्यांना पूर्वेला बसवा. पश्चिम बंद.”

“साहेब, पूर्वेला दुपारभर तोंडावर ऊन. म्हाताऱ्यांनी काय करायचं?”

“टोप्या घालायच्या.”

“आणि सावलीत का बसू देत नाही, असं विचारलं तर?”

“राखीव आहे म्हणा.”

“कोणासाठी?”

“वर्नाबाई, स्पर्धा गावात राहायला हवी ना? मग टीव्हीवर गर्दी दिसली पाहिजे.”

बाईंनी खांबाकडे वळून हूक हातात घेतला. त्यांनी मला अडकवले. एरवी थोड्या वेळाने सुटणारा मी त्या दिवशी सुटलोच नाही. माझ्यामागे रिकाम्या खुर्च्या गार सावलीत पडून होत्या आणि समोर माणसे भाजत होती.

ऑर्विल टेट आणि त्यांची पत्नी मेबल ही जुनी जोडी दरवर्षी येई. ऑर्विल माझ्यापाशी येऊन थबकले.

“राखीव? कोणासाठी हो? इंग्लंडची राणी येतेय की काय?”

“राखीव आहे,” बाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या.

“मग तिची खुर्ची तरी पुसा. कबुतरांनी आधीच गादी घातलीय.”

मेबल हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लागलेलाच हूक पुन्हा दाबून पाहिला.

शनिवारी उपान्त्य सामना लागला. एका बाजूला मार्नी क्रॅबट्री. तिशी उलटलेली, जिचे चित्र कधी कुठल्या भिंतीवर लागले नाही अशी. समोर रुमानियाची कोवळी पोर, इलिंका डोब्रे. पोरीचा फटका बंदुकीच्या गोळीसारखा. मार्नी तो परतवून जाळ्याजवळ असा अलगद टाकी, की चेंडू दोनदा टप्पा घेऊन निजून जाई. पहिला सेट एकीचा, दुसरा दुसरीचा. तिसऱ्यात कोणी मागे हटेना.

आणि नेमके तेव्हाच पूर्वेकडचे लोक उठू लागले. कंटाळून नव्हे, उन्हाने. बाईंच्या हातातल्या वॉकीटॉकीतून संचालकांचा आवाज आला, “लोक चाललेत! उरलेल्यांना मधे सरकवा! भोक दिसतंय!” फुलदाण्या हलवाव्यात तशी माणसे हलवली जात होती. मेबल टेट यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ऑर्विल त्यांना दंडाला धरून खाली घेऊन आले.

“मला जायचं नाहीये हो, बाई,” ते म्हणाले. “असा सामना मरेपर्यंत पुन्हा बघायला मिळायचा नाही. पण हिला काय इथे शिजू देऊ?”

“तू बस ना,” मेबल पुटपुटल्या. “मी गाडीत थांबते.”

“हो, म्हणजे गाडीत भाजशील. अक्कल कुठे गहाण ठेवलीस?”

तेवढ्यात खेळाडू बाजू बदलायला बसल्या. वर्नाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. ती प्रार्थना होती. मग त्यांनी हूक काढला आणि मी खाली पडलो.

कोणीही आले नाही.

वाट मोकळी होती, सावली समोर होती. पण राखीव म्हटलेली जागा ओलांडायला एकही पाऊल पुढे होईना. इतके दिवस मी त्यांना अडवले होते. आता मी नसतानाही ते अडलेले होते.

“अहो, या ना!” बाई ओरडल्या. “कोणाची जागा नाहीये ही. मी खोटं बोलले. या!”

आधी टेट दांपत्य आले, मग त्यांच्या मागून सगळे. उठून गेलेले काही जण फाटकातून परतले. खेळ सुरू झाला तेव्हा सावली भरली होती. शेवटच्या गुणापर्यंत कोणी हलले नाही. मार्नी जिंकली तेव्हा सारे उभे राहिले, आणि त्या पोरीसाठीही तितकाच वेळ उभे राहिले.

“कुठली हो ही मार्नी?” मेबलनी विचारले.

“पलीकडच्याच गावची,” बाई म्हणाल्या.

“अगंबाई! मग आम्हाला कधी कोणी सांगितलं कसं नाही?”

संचालक आले तेव्हा बाईंनी स्वतःहून छातीवरचा बिल्ला काढून पुढे केला. “कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या दिसल्या असतील. स्पर्धा माझ्यामुळे गेली, तर गावाला मी तोंड देईन.”

ॲमरमन पायरीवर बसले. “राहू द्या, बाई. स्पर्धा विकल्याची सही मंगळवारीच झाली.”

“मंगळवारी? मग बुधवारपासून हे कशासाठी?”

“पैसे अजून यायचेत. तोवर घेणाऱ्यांना भरलेली स्पर्धा दाखवायची होती.”

बाईंनी बिल्ला त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवला. “तुम्ही माझ्या तोंडून खोटं बोललात, साहेब,” एवढेच म्हणून त्या गेल्या. रविवारी अंतिम सामन्याला त्या आल्या नाहीत.

तोही सामना संपला, माणसे पांगली. कुलपे लावणाऱ्या पहारेकऱ्याने जाता जाता, केवळ सवयीने, मला उचलून पुन्हा अडकवले. तेव्हापासून मी इथेच आहे. स्पर्धा त्या दूरच्या शहरात गेली. मखमल विटली आहे, मैदानात गवत माजले आहे. माझ्यामागे कोणी बसत नाही, समोर कोणी थांबत नाही. तरी मी ताणलेलाच आहे.

जिथे जिथे बायका टेनिस खेळतात, तिथल्या कर्त्यांनो, एवढे ऐका. जी खेळणार तिचेच नाव लावा. तिची ओळख सांगा. दिवसाची चांगली वेळ तिला द्या. आणि जो पाहायला आला, त्याला माणूस म्हणून बसवा, देखावा म्हणून नव्हे. गर्दी असल्याचे ढोंग करणाऱ्याला गर्दी मिळत नाही. देव ढोंगाला फळ देत नाही.

माझ्यासाठी काही मागत नाही. मी दोर आहे. मला हात नाहीत, हूक उघडणे माझ्या हाती नाही. तुम्हाला हात आहेत.