लाल फडक्यातली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. वयानं म्हणाल तर मी काही फार म्हातारी नाही. पण पुस्तक किती दिवस न उघडता पडून राहिलं, त्यावर त्याचं म्हातारपण ठरतं. त्या हिशेबानं मी फार लवकर म्हातारी झाले.

मला लिहिलं क्रांतीनं. पाचगणीच्या एका निवासी शाळेत ती मराठी शिकवायची. शाळा सुटली की व्हरांड्यात बसून लिहायची, आणि लिहिता लिहिता स्वतःशीच हसायची. माझ्यात झुंबर नावाच्या पोरीची गोष्ट आहे. तिच्या बापाचा, सादबुवाचा, गाता गळा एक मुका राक्षस चोरून नेतो आणि सात घाटांपलीकडे रांजणात कोंडून ठेवतो. तो आवाज परत आणायला झुंबर काळ्या एडक्यावर बसून निघते. वाटेत बोलणारी बाभूळ भेटते, सावली विकणारी म्हातारी भेटते, काय काय भेटतं!

सादबुवा कोण, हे ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. क्रांतीचे वडील नाथाजीबुवा म्हणजे म्हसवडकडच्या गावांतले नावाजलेले कीर्तनकार. पूर्वरंग संपला, गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला आणि बुवा आख्यानाला उभे राहिले, की मांडीवरची पोरंसुद्धा किरकिर थांबवायची. अहाहा, काय तो आवाज! देवाला हाक मारावी तर अशी, असं वाटायचं.

सांगलीच्या छापखान्यातून बाहेर पडलेली पहिली प्रत मी. क्रांती मला घेऊन थेट घरी आली. बुवांनी मला लगेच हातात घेतलं नाही. आधी पाय धुतले, उपरणं पसरलं, मग त्यावर मला घेतलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं.

"आवं आबा, कव्हरवरच्या झुंबरच्या नाकाला कुंकू लागलं की!" क्रांती हसत म्हणाली.

"लागू दे. सरस्वती हाय ती."

"मग वाचणार कवा?"

"येताजाता वाचायला काय त्ये वर्तमानपत्र हाय व्हय? माझ्या लेकीचा गरंथ हाय. पाटावर बसून, समई लावून, सप्ताह घालून वाचीन."

त्यांच्या कीर्तनात पेटी वाजवणारा कृष्णात दारातच उभा होता. त्यानं तर माझं हस्तलिखित आधीच वाचलं होतं. "बुवा, वाचा तरी एकदा. तुमी हाय त्यात. गुळाचा चा पिऊन 'घशाला औषध घेतलं' म्हणताय, त्ये बी लिवलंय!"

"मेल्या, तू माझ्याआधी वाचलंस?"

"व्हय की. लय हसलो."

बुवांचा चेहरा असा काही फुलला! पण त्यांनी मला लाल फडक्यात गुंडाळलं आणि देव्हाऱ्यात ज्ञानेश्वरीशेजारी ठेवलं. क्रांतीची आई रंगूबाई रोज मला फूल वाहू लागली. एवढा मान कुठल्या कादंबरीला मिळाला असेल? पण खरं सांगू, मला गुदमरायला व्हायचं. माझ्या जुळ्या बहिणी इस्लामपूरच्या वाचनालयात पोरांच्या हातून हातात फिरत होत्या. त्यांचे कोपरे दुमडत होते, पानांवर चटणीची बोटं उमटत होती. माझी पानं मात्र एकमेकींना चिकटून बसली होती.

श्रावणात बुवांना कीर्तनांमुळे सवड झाली नाही. मार्गशीर्षात भावकीत सुतक आलं. मग अधिक महिना जवळ आलाय, तेव्हाच घालू सप्ताह, असं ठरलं. क्रांती फोनवरून वाचक पोरांची कौतुकाची पत्रं वाचून दाखवायची आणि शेवटी हळूच विचारायची, "आणि तुमी, आबा?" आळस म्हणू नका हं याला. बुवांना घाई म्हणजे अपमान वाटायचा.

अधिक महिना यायच्या आधीच क्रांतीचं आजारपण आलं. रक्तातच काही बिघडलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी उपचार केले, मग घरी न्या म्हणाले. तिची खाट माजघरात टाकली. तिथून देव्हारा दिसायचा, आणि देव्हाऱ्यातून मला ती दिसायची. पार वाळून गेली होती.

एकदा ती म्हणाली, "आबा, आता वाचा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बुवा उठले. अंगणात गेले. कृष्णात मागोमाग गेला आणि म्हणाला, "वाचा की बुवा. पोर एवढं एकच मागतीया."

"खाटेच्या उशाशी बसून पोथी कुणासाठी वाचत्यात रं?" बुवांचा आवाज चिरला. "तुला ठावं न्हाई? मी न्हाई वाचायचा. ती बरी हुईल. तिला पाटावर बसवून वाचीन."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. बुवा, मी पोथी नाही हो! मी एडक्यावर बसलेल्या पोरीची गोष्ट आहे. मला उघडलं म्हणून कुणी मरत नाही.

बुवा आत आले आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "बरी हो. मग वाचू."

"बरं," क्रांती म्हणाली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

ती गेली तेव्हा अधिक महिना लागायचा होता.

घराला सुतक लागलं. देव्हाऱ्यातला दिवा कृष्णात येऊन लावायचा. घरच्यांनी तिथं हात लावायचा नव्हता. आणि एका दुपारी, उभ्या जन्मात एक नेम न मोडलेले नाथाजीबुवा उठले आणि त्यांनी मला देव्हाऱ्यातून उचललं.

"आवं, सुतक हाय!" रंगूबाई घाबरली.

"पोथी न्हाई ही, रंगू. गोष्ट हाय. आपल्या क्रांतीची गोष्ट."

फडकं सुटलं. पानं एकेक करून मोकळी झाली. बुवा भिंतीला टेकून मोठ्यानं वाचू लागले आणि रंगूबाई ऐकू लागली. गुळाच्या चहापाशी आल्यावर बुवांना हसू फुटलं. "क्रांते, एवढा चा पितो व्हय मी?" म्हणत त्यांनी खाटेकडे मान वळवली. खाट तिथं नव्हती. ती आधीच बाहेर काढली होती.

तरी ते थांबले नाहीत. ऊन उतरलं तेव्हा शेवटचं पान आलं. झुंबर रांजण फोडते, सादबुवाचा आवाज परत येतो आणि पहिली हाक तो लेकीला मारतो. घाटाच्या पल्याडून झुंबर 'आले, आबा!' म्हणते. हजार माणसांना रडवणारा आणि हसवणारा तो गळा त्या दोन शब्दांपाशी अडला. मला छातीशी धरून बुवा म्हणाले, "लय भारी लिवलंस गं, बाय. लय भारी."

कीर्तनात बुवांच्या शब्दाला मागून झील मिळायची, साथीदार तोच सूर उचलून धरायचे. त्या दिवशी ती आली नाही.

बुवांनी मला पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं नाही. गावातल्या पोरांच्या हाती दिलं. आता माझा कणा सुटलाय, दोन पानं डिंकानं चिकटवलीत. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, पुस्तकं जपून वापरा, पण वापरा. आणि तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणी काही लिहिलं असेल, तर मुहूर्त बघू नका. आजच वाचा, आणि जे वाटेल ते त्याच्या तोंडावर सांगा. ते शब्द क्रांतीच्या हक्काचे होते. ऐकले मात्र मी.