जत्रेतला केक

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. नंदीच्या देवळापासून खाली रस्ताभर ओल्या-भाजक्या शेंगांचे ढीग पडतात. अठ्ठावन्न साली तिथल्या महिला समाजानं जत्रेच्या दिवशी केकची स्पर्धा ठेवली. केक बिनअंड्याचा हवा आणि आपल्या घरी भाजलेला हवा, अशी अट होती.

रत्नानं नाव दिलं आणि तेव्हापासून तिच्या जिवाला थारा राहिला नाही.

नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा ती विशीतली होती. आता तिशीला टेकली होती. एका शाळेत शिवण शिकवायची आणि सासूबरोबर, गोजराबाईंबरोबर राहायची. माहेरच्यांनी बोलावलं तरी ती गेली नव्हती. दोघींचं फारसं बोलणं नसे, पण एकीनं ताट वाढून घेतल्याशिवाय दुसरी जेवत नसे.

जत्रा शेंगांची, म्हणून केकही शेंगदाण्याचा करायचा असं तिनं ठरवलं. पातेल्यात वाळू, झाकणावर निखारे, असा घरी करून पाहिला. खालून करपला, मधे कच्चा राहिला. गोजराबाईंनी मधला भाग चमच्यानं खाल्ला आणि म्हणाल्या, "पिठलं म्हणून बरंय."

मग ती गांधी बाजारातल्या बेकरीत गेली. तिथली भट्टी बसवंत सांभाळायचा. निपाणीकडचा माणूस, थोरला असून लग्न राहून गेलेला. सगळं गिऱ्हाईक त्याला अण्णा म्हणे. रत्नाही म्हणायची, पण हल्ली तो शब्द तिच्या ओठांवर येईनासा झाला होता, आणि तिचं तिलाच ते कळलं होतं.

"पाव काढल्यावर दुपारभर भट्टी ऊब धरून असते. तेव्हा आणा," तो म्हणाला.

मग ती शाळा सुटली की पीठ कालवून डबा झाकून नेऊ लागली. कूट जड, म्हणून केक बसायचा. त्यानं कूट कमी करायला सांगितलं, दही वाढवायला सांगितलं. हात मात्र लावला नाही. ती मात्र सारखी भट्टीच्या तोंडाशी जाऊन वाकायची.

"स्वल्प थांबा हो. असं घडीघडी उघडलं की बसणारच तो."

"मला बसवत नाही."

"ते दिसतंय," तो म्हणाला. मग भट्टीकडे बघतच बोलला, "संक्रांतीनंतर मी म्हैसूरला जातोय. मालक तिथं दुकान काढतायत. भट्टी बांधण्यापासून सगळं माझ्यावर आहे."

"बरं झालं की."

"झालं खरं. पण एकट्यानं जावंसं वाटत नाही."

रत्नानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि डबा ओढायला गेली. बोटं भाजली. बसवंतानं तिचा हात धरून पाण्याच्या बादलीत घातला, आणि लगेच सोडला.

"आज काही सांगू नका," तो म्हणाला. "जत्रा होऊ दे."

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. मुलींना काजं करायला शिकवताना तिनं बटणाच्या बाजूलाच काजं पाडली. संध्याकाळी देवळात जायची आणि प्रदक्षिणा अर्धी टाकून परत यायची. गोजराबाई बघत होत्या. बेकरीतल्या भट्टीचं त्यांना ठाऊक होतं. "अट बायकांनी घातलीय, देवानं नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

जत्रेच्या दुपारी शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. बाहेर पिपाण्या वाजत होत्या. समाजाच्या अध्यक्षीणबाई एकेक केक चाखत रत्नापाशी आल्या. एक तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला.

"सगळीकडून सारखा फुललाय," त्या म्हणाल्या. "घरी कसा जमवलात?"

निखाऱ्यांवर, एवढंच म्हणायचं होतं. कुणी खोदून विचारलं नसतं. पण मग त्या दुपारी, ती भट्टी, तो माणूस, सगळंच नव्हतं म्हणून सांगितल्यासारखं झालं असतं.

"घरी नाही भाजला. गांधी बाजारातल्या बेकरीत भाजला. कालवला मी, भट्टी बसवंतांची."

बाई जरा गोंधळल्या. त्यांनी सहजच विचारलं, "ते तुमचे कोण?"

"अजून कुणी नाही."

बोलून गेल्यावर तिच्या कानात तो शब्द वाजला. आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. मागच्या रांगेत गोजराबाई ताठ बसल्या होत्या. केक स्पर्धेतून बाजूला काढला गेला. बक्षीस एका केळ्याच्या केकला मिळालं.

गर्दीतून दोघी निघाल्या. रत्ना डबा छातीशी धरून भराभर चालत होती.

"सावकाश चाल," गोजराबाई म्हणाल्या. "ते 'अजून' काय होतं?"

"तोंडातून निसटलं."

"पोटात असल्याशिवाय निसटत नाही. काय म्हणतो तो?"

रत्नानं म्हैसूरचं सांगितलं. मग थांबली. "तुम्हाला टाकून कशी जाऊ, आत्याबाई?"

"मला काय मांडीवर घेऊन बसली आहेस? माझं घर आहे, माझे हातपाय चालतात. शेजारी तुझ्यासारख्या चार सुना आहेत."

"लोक..."

"लोकांनी मघाशीच ऐकलं. आता त्यांचं तोंड दुखेपर्यंत बोलू दे."

घराचं वळण आलं, पण म्हातारी वळली नाही. सरळ गांधी बाजारात गेली आणि बेकरीपुढच्या बाकावर बसली. बसवंत हात पुसत बाहेर आला. दोघींकडे बघून उभाच राहिला.

"घरी कोण कोण असतं?" गोजराबाईंनी विचारलं.

"आई आहे. धाकटा भाऊ आहे."

"विधवा चालेल त्यांना?"

"भाऊ रागावेल," तो म्हणाला. "आई येईल."

"सरी, ठीक आहे. मग केक खा. ह्या पोरीनं महिनाभर मला झोपू दिलं नाही."

माघात कचेरीत सह्या करून लग्न झालं. निपाणीहून आई आली, भाऊ आला नाही. म्हैसूरच्या गाडीवर गोजराबाई पोचवायला आल्या. रत्ना डब्यात बसायची, काहीतरी आठवायचं, पुन्हा खाली उतरायची. तांदळाचं पिंप नीट झाका. शिंप्याकडून चोळी आणा. शिट्टी झाली तरी ती फलाटावरच.

"बस आत," म्हातारी म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला वर ढकललं. गाडी हलली. रत्ना दारातच उभी राहिली. आत या, असं बसवंत म्हणाला नाही. तोही तिच्या मागं येऊन उभा राहिला.