काचेचा चुरा

पूर्वी काचेचा डबा वेगळा असायचा. मग वरच्या शहाण्यांनी ठरवलं, कागद, पत्रा, बाटल्या, सगळं एकाच डब्यात टाका. लोकांना सोपं जातं. लोकांना गेलंही. तो कचरा सरकत्या पट्ट्यावर हाताने निवडणाऱ्या बायांना मात्र कुणी विचारलं नाही.

त्यांतलीच एक ती. तिने ओल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि आत घुसलेल्या काचेने तिचा उजवा तळवा मनगटापर्यंत फाडला. रक्त पट्ट्यावरून पुढच्या बाईपर्यंत गेलं. तिने अंगठा हलवून पाहिला. तो हलेना. हा हात गेला तर खायचं काय?

हाताला फडकं गुंडाळून ती आवारात आली, तर नवऱ्याने तिच्या थोरल्या भावाला कचऱ्याच्या गाडीला दाबून धरलं होतं. भाऊ ती गाडी चालवायचा, नवरा गाडीच्या मागे उभा राहून डबे ओतायचा. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"सख्ख्या बहिणीचा हात खाल्लास," नवरा ओरडत होता. "काच असली की गाडीत माल दाबायचा नाही, चुरा होऊन पुठ्ठ्यात घुसतो, ठाऊक नव्हतं तुला? एका खेपेत उरकायची घाई झाली होती?"

त्याने हातातली सळई भावाच्या तोंडावर हाणली. दात तुटून खाली पडला. दुसरा फटका बरगडीवर बसला आणि भाऊ गुडघ्यावर आला. लहानपणी कुणी नुसतं डोळे वटारले तरी अंगावर धावून जाणारा हा माणूस आज हातसुद्धा वर करत नव्हता. तिथेच तिला शंका आली.

तिने गाडीकडे पाहिलं. माल दाबायची कळ मागच्या बाजूला होती. चालकाचा हात तिथवर पोचत नाही.

"मागे कोण उभं असतं?" तिने विचारलं.

नवऱ्याच्या हातातली सळई खाली पडली. "एक खेप वाचली तर तुला घ्यायला वेळेवर येईन, असं वाटलं," तो म्हणाला. स्वतःवरचा राग त्याने दुसऱ्याच्या हाडांवर काढला होता.

"दादा, तू का नाही बोललास?"

"तुला याच्याबरोबर राहायचंय."

तिचं डोकं सणकलं. तिने डाव्या हाताने सळई उचलली आणि सगळा जोर लावून नवऱ्याच्या उजव्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं तिघांनाही ऐकू आलं. तो मटकन खाली बसला.

"याच हाताने दाबलीस ना कळ?"

त्याने मान डोलावली.

भावाने रक्त थुंकून गाडी चालू केली. तिघं पुढे दाटीवाटीने बसले, ती मधे. भाऊ दवाखान्याकडे निघाला. गाडी खड्ड्यात आपटली की मागे काच खळखळायची आणि ती पुन्हा अंगठा हलवून बघायची. तो हलत नव्हता.