मिऱ्यांचा नमुना

आमच्या घरी मिरे दळायची चक्की निवडायला साडेचार महिने लागले. विद्यापीठाचं नाव बदलायला सोळा वर्षं लागली, त्या मानानं आम्ही लवकर उरकलं, असं मी एकदा ऑफिसात बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. समोर आमचा शिपाई फकिरा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो हसला. पण ज्याचं घर अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जळलं, त्याच्यासमोर असली थट्टा करू नये, एवढी अक्कल मला चव्वेचाळिसाव्या वर्षी असायला हवी होती. खरं सांगायचं तर मी इतकी दमले होते की आपण काय बोलतो याचं भान राहत नव्हतं.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात टंकलेखिका. सतरा वर्षं एकाच टेबलावर मशीन बडवतेय. घर समर्थनगरला. लेक लग्न होऊन नाशिकला गेली, सासूबाई वारल्या, आता घरात आम्ही तिघं: मी, माझे यजमान अनंतराव आणि सासरे व्यंकटराव. अनंतराव वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. तिथं बनलेला एकेक भाग मोजून मापून पास-नापास करणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते घरी येताना कंपनीच्या बसमध्ये ठेवून येत नाहीत.

मामंजी वैजापूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. सप्टेंबरात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मिरची, काळा मसाला सगळं बंद केलं. चवीपुरते मिरे घाला म्हणाले. आयुष्यभर ठेचा खाल्लेल्या माणसाला ही शिक्षाच होती. मी मिरपूड करून डबीत भरून ठेवली, तर त्यांनी पहिल्याच घासाला ओळखलं.

"सकाळची आहे ना ही?" एवढंच म्हणाले आणि ताट थोडं पुढं सरकवलं.

चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ते नुसते भुकेले उठले. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही वेळा पान वाढताना मिरे कुटायला लागले. मिक्सरमध्ये चमचाभर मिऱ्यांना पातं लागतच नाही, आणि जास्त घातले तर पीठ होतं. मामंजींना लागायची भरड. म्हणून सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता खाली काढला. बत्ता चांगला वजनदार. दिवसभर मशीनवर बोटं आपटायची, आणि घरी येऊन तोच हात बत्त्याला द्यायचा.

मनगट दुखायला लागलं तेव्हा मी घाबरले, त्याला कारण होतं. मार्चच्या वीस तारखेला वरिष्ठ टंकलेखक पदाची परीक्षा होती. वयाची पंचेचाळीस पूर्ण झाली की त्या परीक्षेला बसता येत नाही, आणि माझी जूनमध्ये पूर्ण होणार होती. याआधी दोनदा परीक्षा हुकली होती, एकदा सासूबाईंच्या आजारपणात, एकदा लेकीच्या लग्नात. मला ती जागा हवी होती. घरासाठी नाही, पगारासाठी नाही. सतरा वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती.

"खलबत्ता म्हणजे काय पद्धत आहे का?" अनंतराव एका रात्री जेवताना म्हणाले. "दर वेळी भरड वेगळी पडते. चांगली चक्की घेऊ. एकदाच घ्यायची, पण अव्वल घ्यायची."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना आग्रह करून आणखी एक पोळी वाढली.

कंपनीत जपानी पाहुणे आले होते, त्यांच्याबरोबर हे मोठ्या हॉटेलात जेवायला गेले होते. तिथं वेटरनं सूपवर एक लाकडी चक्की फिरवून मिरे पाडले, ते यांच्या मनात भरलं होतं. पुढच्या शनिवारी गुलमंडीच्या बाजारातून एक पितळी चक्की आली, वर दांडा असलेली. रविवारी सकाळी पाहते तर डायनिंग टेबलावर तीन बारीक चाळण्या, छोटा तराजू आणि वही मांडलेली.

"आता मास्टर दे," अनंतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, तुलना कशाशी करायची? बाबांना जी भरड आवडते तो आपला मास्टर नमुना. तू कुटतेस ती. ताजी लागेल. आणि चाळायला पन्नास ग्रॅम तरी पाहिजेत."

मी पन्नास ग्रॅम मिरे कुटले. शिंका देत देत अर्धा तास लागला. त्यांनी माझी भरड चाळली, वहीत आकडे लिहिले, मग चक्कीची भरड चाळली. मामंजी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि दोन्ही चिमटी चाखून मान हलवायला लागले. बापलेकांची सकाळ फार छान गेली.

"एकीकडं पीठ, एकीकडं अख्खे दाणे," असं म्हणून यांनी वहीत मोठ्या अक्षरात 'नापास' लिहिलं.

मग हे चालूच राहिलं. दुसरी चक्की यांच्या सहकाऱ्याच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेली, तिचे दात प्लॅस्टिकचे, महिन्याभरात झिजतील म्हणून नापास. तिसरी शिसवी लाकडाची, पोलादी दातांची, हातात धरायला सुरेख. तिची भरड माझ्या भरडीला अगदी जुळली. मला वाटलं, सुटले. पण पन्नास वेळा फिरवल्यावर तिचा वरचा स्क्रू एक आटा सैल झाला.

"हे चालणार नाही," अनंतराव म्हणाले. "आज एक आटा, वर्षभरानं काय होईल?"

"मी आवळीन की रोज."

"तो प्रश्न नाही कालिंदी. दर्जाचा प्रश्न आहे."

चक्की दुकानदाराला परत गेली. प्रत्येक नव्या चक्कीला नवा ताजा मास्टर लागायचा, कारण मिऱ्याचा वास तासाभरात उडतो, हे मामंजींनीच त्यांना सांगितलेलं. म्हणजे आठवडाभर दोन वेळा कुटायचं ते होतंच, वर रविवारचे पन्नास ग्रॅम वाढले. चक्की येईपर्यंत चक्कीसाठी कुटा! मी एकदा म्हटलं, "ओल्या हातानं फिरते का, ते पण बघा." ते म्हणाले, "तो मुद्दा नंतर घेऊ." मी विचारलं, "कधी येणार हो चक्की?" तर म्हणाले, "विचार चालू आहे."

जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. चौदा तारखेला सगळीकडं पोलीस बंदोबस्त होता, आणि फकिरा नवा पांढरा सदरा घालून एकेका टेबलावर पेढा ठेवत होता. काहींनी तो घेतला, काहींनी टेबलावर तसाच राहू दिला. मी घेतला आणि तिथंच खाल्ला.

"फकिरा, झालं बाबा तुमच्या मनासारखं," मी म्हटलं.

"व्हय म्याडम. पर माय नाय ना बघायला." त्यानं पेढ्यांचा खोका काखेत धरला. "लई वर्सं झाली. जवा इचारावं तवा एकच. विचार चालू हाय, विचार चालू हाय. तुमी सांगा, येवढा काय विचार असतो?"

मला आमची डायनिंग टेबलावरची वही आठवली आणि लाज वाटली. त्याच्या सोळा वर्षांपुढं माझ्या मिऱ्यांची काय कथा. पण ते शब्द मात्र ओळखीचे होते.

त्यानंतर कामाचा डोंगर आला. फॉर्म, परिपत्रकं, प्रमाणपत्रांचे मसुदे, सगळं नव्या लांबलचक नावानं पुन्हा टाइप करायचं. संध्याकाळी बोटांना मुंग्या यायच्या. रात्री हात लोंबता ठेवून झोपायची. घरी सांगितलं, तर मामंजी म्हणाले, "गरम पाण्यात धर गं थोडा वेळ," आणि अनंतराव म्हणाले, "जर्मनीहून एकजण येतोय, त्याला सांगितलंय. ही शेवटची चक्की."

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी जर्मन चक्कीसाठी मास्टर कुटत होते. बत्ता वर उचलला आणि तो हातातून सुटून फरशीवर पडला. मी उचलायला गेले, तर बोटं मिटेनात. मिरे घरभर पसरले होते आणि मी त्यांच्यामध्ये बसून आपल्याच हाताकडं बघत होते.

डॉक्टर म्हणाले, मनगटात शीर दाबली गेलीय. त्यांनी प्लास्टरची पट्टी बांधली. "सहा आठवडे हाताला काम नाही."

परीक्षेला तीन आठवडे होते. मी दवाखान्यातच रडले. अनंतराव बाहेर रिक्षा बघत होते.

मास्टर सांडल्यामुळं जर्मन चक्की न तपासताच परत गेली. पोळ्यांना शेजारची बाई लावली, पण पान वाढायच्या वेळी तिचं स्वतःचं घर असायचं. मग मिरे कोण कुटणार? त्या संध्याकाळी पहिल्यांदाच अनंतरावांनी खलबत्ता पुढं ओढला. पहिल्या दिवशी दाणे उडाले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत गेलं. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आला, तो त्यांनी मला दाखवला. चौथ्या दिवशी कामावरून येताना ते गुलमंडीत उतरले आणि चक्की घेऊन आले. दुकानात पाव तास लागला म्हणाले.

ती तिसरी चक्की होती. शिसवी लाकडाची, एका आट्यासाठी नापास केलेली.

"चालतंय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "महिन्यातून एकदा स्क्रू आवळला की झालं."

मामंजींनी कौतुकानं ती हातात घेतली आणि स्वतःच्या पानावर धरून चार वेळा फिरवली. मिरे भाजीवर पडले, घमघमाट सुटला. मामंजींचे हात धडधाकट आहेत, रोज सकाळी ते दोन पानं रामनाम लिहितात.

"अरे वा!" ते म्हणाले. "माझं मीच केलं की. एवढंच होतं होय?"

"व्हय मामंजी, एवढंच होतं," मी म्हटलं. फकिराची बोली माझ्या तोंडी कशी आली कोण जाणे. "साडेचार महिने एवढंच होतं. माझा हात गेला, माझी परीक्षा गेली, तेव्हा कुठं तुम्हा दोघांना कळलं की एवढंच होतं."

मामंजींनी चक्की हळूच खाली ठेवली. मला फार राग आला होता, त्या दोघांचा तर होताच, पण जास्त माझा स्वतःचा. खलबत्ता मामंजींच्या पुढं ठेवून 'घ्या कुटून' म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. आमच्याकडं बाई हे म्हणत नाही, इतकं साधं कारण होतं त्याला.

वीस मार्च आली आणि गेली. सोमवारी मी गळ्यात हात अडकवून ऑफिसात गेले. सतरा वर्षं माझी होती त्या मशीनवर आता दुसरी मुलगी बसली होती, मला आवक-जावकला बसवलं होतं. डाव्या हातानं नोंदी करताना अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येत होतं. पुढची परीक्षा जूनच्या आत होईल का, किंवा वयाची अट थोडी सैल करतील का, असा अर्ज मी डाव्या हातानंच लिहिला होता. तो फकिराच आत घेऊन गेला.

बऱ्याच वेळानं तो चहा घेऊन बाहेर आला.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

फकिरानं कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. कपाचा कान फिरवून तोही डावीकडं केला. मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "विचार चालू हाय म्हणले, म्याडम."